बाळ ऐकत नाही? त्याच्याशी बोलणं थांबवू नका

आजचा विषय कानाचा आहे, पण सुरुवात जिभेपासून करते. मूल दोन वर्षांचं झालं आणि बोलत नसेल, तर आपल्याकडे पहिलं बोट जिभेकडे जातं. जीभ जड आहे म्हणतात, वेखंड उगाळून चाटवतात. कुणी म्हणतं, "याचा बापही उशिराच बोलला होता." यात वर्ष निघून जातं. बहुतेक बहिऱ्या मुलांची जीभ आणि गळा अगदी ठीक असतो. शब्द कानात शिरला नाही, तर तो तोंडातून येणार कसा?

एक गोष्ट अनेक घरांना फसवते. बहिरं बाळसुद्धा पहिले काही महिने हुंकारतं, आवाज काढतं. आपण निर्धास्त होतो. पुढे मात्र त्याचं "बाबाबा, दादादा" वाढत नाही, उलट आवाज कमी होत जातात. थाळी वाजवून केलेली परीक्षाही खरी धरू नका. बाळ वळतं ते कधी आपला हात हललेला दिसला म्हणून, कधी जमिनीला हादरा बसला म्हणून. आणि काही मुलांना थाळी ऐकू येते, पण बोलणं ऐकू येत नाही. सहा महिन्यांचं बाळ आईच्या आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचं मूल नावाला ओ देत नसेल, तर तपासणी करायचीच. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेलं, जास्त कावीळ झालेलं, मेंदूज्वर होऊन गेलेलं बाळ असेल तर वाटच पाहू नका.

तपासणी कुठे? अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक येतं, त्यांना स्पष्ट सांगा. ते जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. तिथे बेरा नावाची तपासणी सांगतील. बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवून करतात, त्यात दुखत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था 1983 पासून याच कामासाठी आहे. श्रवणयंत्रासाठी सरकारची एडिप योजना आहे. यंत्राने भागत नसेल, तर लहान मुलांच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवण्याची शस्त्रक्रियाही त्या योजनेत बसते. जन्मानंतर महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत यंत्र, असं जाणकार सांगतात. ते साधलं नसेल तर आज जा. पहिल्या तीन वर्षांत मेंदू बोली जितकी झपाट्याने उचलतो, तितकी पुढे उचलत नाही.

आता यंत्र आलं. इथेच खरी गडबड होते. महागाची वस्तू, हरवेल म्हणून ती कपाटात जाते, पाहुणे आले की कानात! यंत्र चष्म्यासारखं नाही की लावलं आणि दिसलं. ऐकायला शिकावं लागतं. बाकीची बाळं पोटात असल्यापासून ऐकतात, हे मूल आज सुरू करतंय. म्हणून यंत्र लावलेला दिवस लिहून ठेवा. मूल तीन वर्षांचं, पण यंत्र सहा महिन्यांपूर्वीचं, तर त्याचं ऐकण्याचं वय सहाच महिने. शेजारणीच्या मुलाशी तुलना नको. आंघोळ आणि झोप सोडून दिवसभर यंत्र कानात हवं. पडू नये म्हणून दोरीने झबल्याला अडकवा.

बोलायचं कसं? कानाजवळ, हातभर अंतरावरून, नेहमीच्या आवाजात. ओरडलात तर यंत्रात शब्द फाटतो. टीव्ही बंद. एकेक शब्द घोकून घेऊ नका. "पाणी, म्हण पाणी" यापेक्षा "तहान लागली का? माठातलं पाणी गार आहे, तांब्यात ओतू या" हे बरं. आधी आवाज, मग वस्तू. भाकरी थापताना मूल जवळ बसवा. "ऐक!" म्हणून कानाला बोट लावा, थाप थाप ऐकू द्या, मग भाकरी दाखवा. कोंबड्यांना दाणे टाकताना, कुकरची शिट्टी झाली की, दारात गाडी आली की हेच करा. बोललात की थांबा, मनात पाच आकडे मोजा. उत्तराची जागा आपणच भरून टाकतो, ही आपली खोड आहे.

सकाळी एक छोटी परीक्षा घ्या. डॅनियल लिंग नावाच्या तज्ज्ञाने ती बसवली. मुलाच्या मागे बसून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज काढायचे. तान्हं बाळ थबकतं, मोठं मूल दरवेळी वाटीत एक चिंचोका टाकतं. काल "स" ऐकू आला आणि आज नाही, तर बॅटरी बघा, साच्यात मळ आहे का बघा, सर्दी आहे का बघा. पाजताना यंत्र शिट्टी मारतं ते कान अंगाला दाबला जातो म्हणून. पण एरवीही सारखी शिट्टी येत असेल, तर कानाचा साचा लहान पडलाय, तो बदलून घ्या. पावसाळ्यात रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून यंत्र घट्ट झाकणाच्या डबीत, ओल शोषणाऱ्या पुडीसोबत ठेवा. बॅटरी मात्र मुलापासून लांब. ती गिळली तर लगेच दवाखाना, घरगुती उपाय करत बसू नका.

काही मुलांना यंत्राचाही पुरेसा उपयोग होत नाही. खुणांची भाषा हीसुद्धा पूर्ण भाषा आहे, ती शिकवण्यात हार नाही. मूल भाषेविना राहणं हे मोठं नुकसान.

आणि त्या आईला ग्रहणात भाजी चिरली होतीस का, असं विचारू नका. तिला साच्यासाठी, तपासणीसाठी जिल्ह्याला वारंवार जावं लागतं, दरवेळी मजुरी बुडते. गटाच्या बैठकीत ठरवून घ्या, त्या दिवशी तिची शेळी कोण पाहील, मोठ्या मुलीला कोण जेवू घालील आणि एसटीच्या भाड्याला गटातून किती द्यायचे.