नोंदीवर नेमके बोट ठेवणारा 'कर्सर'

सोयाबीनची आवक सुरू झाली, की लातूर जिल्ह्यातील मुरुडच्या बाजारात अडत दुकानांसमोर पोत्यांच्या थप्प्या लागतात. समजा, अशा एखाद्या दुकानाचा हिशेब संगणकावर आहे आणि एका शेतकऱ्याचे १२.४० क्विंटल सोयाबीन चुकून १०.२४ क्विंटल असे नोंदले गेले. २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावाने हिशेब केला, तर फरक साडेदहा हजार रुपयांवर जातो. हजारो नोंदींतून हीच एक नोंद शोधून, शेजारच्या नोंदीला धक्का न लावता ती दुरुस्त करण्याचे काम 'कर्सर' करतो. पडद्यावर लुकलुकणारी रेघ ती हीच नव्हे. हा कर्सर प्रोग्रॅमच्या आत असतो आणि डेटाबेसमधील एका नोंदीवर बोट ठेवून असतो.

किल्ली आणि मूल्य

'की-व्हॅल्यू' डेटाबेसची रचना साधी असते. प्रत्येक नोंदीला एक किल्ली आणि त्या किल्लीखाली माहिती. १९९० च्या दशकारंभी अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात जन्मलेला 'बर्कले डीबी' आणि २०११ मध्ये आलेला 'एलएमडीबी' ही त्याची ठळक उदाहरणे. आपल्या दुकानात खातेक्रमांक आणि तारीख जोडून '००४२-२०२४१०१४' अशी किल्ली करता येईल. आरंभीची शून्ये येथे आवश्यक आहेत. किल्ल्या सामान्यतः अक्षरक्रमाने लागतात आणि त्या क्रमात '१०' हा '९' च्या आधी येतो.

पुढे, मागे आणि थेट

नोंदी अशा क्रमाने लावलेल्या असल्या, की कर्सर पहिल्या किंवा शेवटच्या नोंदीवर नेता येतो, तसाच एकेक पाऊल पुढे-मागे सरकवता येतो. '००४२-२०२४१००१' ही किल्ली दिली आणि त्या दिवशी नोंद नसली, तरी तो त्यापुढील पहिल्या नोंदीवर थांबतो. तेथून खातेक्रमांक बदलेपर्यंत पुढे जात राहिले, की ४२ क्रमांकाच्या खात्याचा १ ऑक्टोबरपासूनचा हिशेब हाती येतो.

दुरुस्ती आणि धोका

कर्सर ज्या नोंदीवर उभा आहे, तिची माहिती बदलता येते. किल्ली मात्र जागच्या जागी बदलत नाही. त्यासाठी जुनी नोंद काढून नवी घालावी लागते.

खरी कसोटी लागते ती शेतकऱ्याने एकाच दिवशी दोन खेपा माल आणला असेल तेव्हा. काही डेटाबेसमध्ये एकाच किल्लीखाली अनेक नोंदी ठेवता येतात. अशा वेळी केवळ किल्ली सांगून 'नोंद काढा' म्हटले, तर बर्कले डीबी आणि एलएमडीबी या दोन्हींत त्या किल्लीखालच्या सर्वच नोंदी जातात. कर्सरने काढल्यास तो ज्या खेपेवर आहे, तेवढीच नोंद जाते.

नोंद काढल्यावर बर्कले डीबीत कर्सर त्या रिकाम्या जागेवरच राहतो. तेथील माहिती मागितली, तर चूक दर्शवली जाते. म्हणून आधी पुढे सरकावे लागते.

जुनी नोंद काढली आणि नवी घालण्यापूर्वीच वीज गेली, तर शेतकऱ्याचा माल हिशेबातून नाहीसा होईल. यासाठी दोन्ही कामे एकाच 'ट्रॅन्झॅक्शन'मध्ये बांधावीत. मग ती दोन्ही पूर्ण होतात किंवा एकही होत नाही. बदलण्याआधी नोंद वाचून पडताळावी आणि काम संपताच कर्सर बंद करावा, एवढी शिस्त पाळली तर साडेदहा हजारांची चूक दुरुस्त करताना दुसरी चूक होण्याची भीती बरीच कमी होते.