रेफरी चुकला तर दाद कोठे मागावी?



उसाच्या पानावर फुटबॉल कशाला, असे काहीजण म्हणतील. पण रोवणीच्या दिवसांत गावोगाव फिरताना बेण्याइतक्याच गप्पा पोरांच्या सामन्यांच्या निघतात. सुब्रतो चषकाचे व शालेय स्पर्धांचे सामने बहुधा पावसाळ्यातच सुरू होतात. तिरोडा असो की अर्जुनी मोरगाव, आधी तालुका, मग जिल्हा, पुढे नागपूर विभाग आणि राज्य. एक सामना गेला की पोरांचे सारे वर्ष गेले. म्हणून रेफरीची शिट्टी चुकीची वाटली की बाप माणूस छत्री घेऊन मैदानात शिरतो! त्याने काय साधते? काहीच नाही. उलट पोरांचेच नुकसान होते.

रेफरीच्या चुका दोन जातीच्या असतात. चेंडू हाताला लागला की नाही, ऑफसाइड होता की नाही, ही नजरेची बाब. नियम क्रमांक ५ म्हणतो की खेळात घडलेल्या गोष्टींबद्दल रेफरीचा निर्णय अंतिम, गोल झाला की नाही हेही त्यातच आले. २२ जून १९८६ रोजी मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल मारला. साऱ्या जगाने पाहिले, रेफरीने पाहिले नाही. गोल कायम राहिला. तेव्हा तालुक्याच्या सामन्यातली हाताची तक्रार पुढे चालेल ही आशा सोडा.

दुसरी जात म्हणजे नियमच चुकीचा लावणे. येथे दाद लागू शकते. ४ एप्रिल २०१५ रोजी १९ वर्षांखालील मुलींच्या युरोपीय पात्रता सामन्यात नॉर्वे २-१ ने पुढे होते. अगदी शेवटी इंग्लंडला पेनल्टी मिळाली. लिया विल्यमसनने गोल केला, पण तिची एक सोबतीण किक बसण्याआधीच पेनल्टीच्या चौकटीत शिरली होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे किक पुन्हा घ्यायला हवी होती. रेफरीबाईंनी गोल रद्द करून नॉर्वेला इनडायरेक्ट फ्री किक दिली. कोण केव्हा शिरले याबद्दल वाद नव्हता, वाद नियमाचा होता. इंग्लंडने तक्रार केली आणि युरोपीय संघटनेने त्या पेनल्टीपासून सामना पुन्हा खेळवला. ९ एप्रिलला रात्री बेलफास्टला दोन्ही संघ जेमतेम मिनिटभराच्या खेळासाठी मैदानात आले. विल्यमसनने पुन्हा गोल मारला, २-२! पुढे दोन्ही संघ अंतिम स्पर्धेत गेले. हीच मुलगी २०२२ साली युरोप जिंकणाऱ्या इंग्लंडची कर्णधार होती.

मात्र तक्रार मान्य झाली म्हणजे लाभ झालाच, असे नाही. ३ सप्टेंबर २००५ रोजी ताश्कंदला उझबेकिस्तान-बहरीन सामन्यात नेमकी हीच चूक घडली. उझबेकिस्तान तरीही १-० ने जिंकले होते. त्यांनी ३-० असा निकाल मागितला. जागतिक संघटनेने चूक मानली, पण सामनाच रद्द करून पुन्हा खेळवला. तो १-१ सुटला, बहरीनमधला ०-० झाला, आणि परक्या मैदानावरच्या गोलाच्या जोरावर बहरीन पुढे गेले. हातचा विजय अर्जाने घालवला म्हणायचा!

आता वेळेचे पाहा. उसाच्या वजनाची शंका गाडी रिकामी होण्याआधी काढावी लागते, ऊस गव्हाणीत पडल्यावर फेरवजन कशाचे करणार? तसेच येथे आहे. खेळ पुन्हा सुरू झाला की रेफरीला आधीचा निर्णय बदलता येत नाही, मग त्याला स्वतःला चूक कळली तरी. म्हणून कर्णधाराने त्याच क्षणी, आवाज न चढवता, एवढेच विचारावे, “सर, किक पुन्हा घ्यायची ना?” हुज्जत घातली तर पिवळे कार्ड ठरलेले.

मैदान मात्र सोडू नये. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरला सुनील छेत्रीच्या झटपट फ्री किकवर गोल झाला म्हणून केरळ ब्लास्टर्सचा संघ सामना अर्धवट टाकून निघून गेला. त्यांची तक्रार फेटाळली गेली आणि ४ कोटी रुपये दंड बसला. आपल्या शाळेच्या पोरांना कोटींचा दंड कोणी करणार नाही, पण सोडलेला सामना हरलेलाच धरतात.

राहिला लेखी अर्ज. तो संघाबरोबरच्या शिक्षकाने द्यायचा, पालकांनी किंवा सरपंचांनी नव्हे. मुदत व फी स्पर्धेच्या नियमपत्रकात असते, ते सामन्याआधीच वाचावे. अर्जात कितवे मिनिट, गोलसंख्या, रेफरीने काय दिले आणि नियमाप्रमाणे काय द्यायला हवे होते, एवढेच लिहावे. ‘पक्षपात केला’ हा शब्द घालू नये, तो शाबीत करता येत नाही आणि खरा मुद्दा त्याखाली दबतो. खेळाडूच्या वयाबद्दल शंका असेल तर ती वेगळी बाब, तिचा रेफरीशी संबंध नाही. तेथे जन्मदाखला बोलतो. तेव्हा आपल्याही पोरांचे दाखले आजच नीट करून शाळेत द्या, आणि गुरुजींकडे फुटबॉलचे नियमपुस्तक आहे का, हेही विचारून या.