लोकलहोस्ट

लोकलहोस्ट हे संगणकाने जाळ्यात स्वतःचाच निर्देश करण्यासाठी वापरावयाचे नाव आहे. या नावाचा आयपी पत्ता सामान्यतः १२७.०.०.१ असतो. या पत्त्यावर पाठवलेली माहिती संगणकाबाहेर न जाता त्याच संगणकाकडे परत येते. त्यामुळे संकेतस्थळ प्रकाशित करण्यापूर्वी ते स्वतःच्या संगणकावर चालवून तपासता येते. त्यासाठी इंटरनेट जोडणी लागत नाही. १२७ ने सुरू होणारे सर्व, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते या एकाच कामासाठी राखीव आहेत. प्रत्यक्षात बहुधा एकच वापरला जातो.

स्थानिक चाचणी

केवळ एचटीएमएल व सीएसएस वापरून तयार केलेले साधे पान ब्राउझरमध्ये थेट उघडता येते. पीएचपी भाषेतील पानाचे तसे नाही. त्यातील आज्ञावली सर्व्हरवर चालते आणि ब्राउझरकडे फक्त तिचे फलित पोहोचते. म्हणून संगणकावरच सर्व्हर बसवला जातो. २००२ साली सुरू झालेल्या झॅम्प या मोफत संचात अपाचे सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस आणि पीएचपी एकत्र मिळतात. संकेतस्थळाच्या फाइल 'एचटीडॉक्स' या फोल्डरमध्ये ठेवून ब्राउझरच्या पत्तापट्टीत 'लोकलहोस्ट' लिहिले की पान उघडते. ८० क्रमांकाचे पोर्ट दुसऱ्या प्रोग्रामने आधीच व्यापले असेल, तर अपाचे सुरू होत नाही. नवशिक्यांची ही नेहमीची अडचण पोर्ट ८०८० निवडून दूर करता येते.

मर्यादा

स्थानिक संगणक प्रत्यक्ष सर्व्हरशी जितका मिळताजुळता, तितकीच ही चाचणी विश्वसनीय ठरते. विंडोजवर फाइलच्या नावातील रोमन मोठ्या व लहान अक्षरांत सहसा भेद केला जात नाही, लिनक्सवर केला जातो. बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. परिणामी घरच्या संगणकावर दिसणारे चित्र प्रकाशनानंतर नाहीसे होते. ब्राउझर लोकलहोस्टला सुरक्षित स्थान मानतात. त्यामुळे वापरकर्त्याचे ठिकाण ओळखण्यासारख्या सुविधा तेथे एचटीटीपीएसविना चालतात. सार्वजनिक पत्त्यावर मात्र त्या बंद पडतात.

मराठी संकेतस्थळांबाबत अक्षरसंकेतनाची तपासणी विशेष महत्त्वाची असते. मायएसक्यूएलच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत 'लॅटिन१' हे संकेतन गृहीत धरले जात असे व त्यात देवनागरीला स्थान नाही. स्थानिक डेटाबेस यूटीएफ-८ मध्ये आणि सार्वजनिक डेटाबेस लॅटिन१ मध्ये असल्यास मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे उमटू शकतात. अशा प्रकारे साठवला गेलेला मजकूर पुन्हा वाचनीय करता येत नाही; मूळ प्रतच पुन्हा भरावी लागते.

झॅम्पमधील डेटाबेसच्या मुख्य खात्याला सुरुवातीस पासवर्ड नसतो. स्वतःच्या संगणकावर ही सोय असली, तरी याच मांडणीवर सार्वजनिक संकेतस्थळ चालवल्यास संपूर्ण डेटाबेस परक्यांच्या हाती जाऊ शकतो. हा संच केवळ विकसनासाठी असल्याचे त्याचे निर्मातेही सांगतात.