'नाइस' शब्दाचा व्यवहार

कामगार संघटनेत तीस वर्षे काढलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत एका इंग्रजी विशेषणावर बोलावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. महागाई, बोनस, कंत्राटी मजूर हे आमचे नेहमीचे विषय. पण आमचा सारा धंदा शब्दांचाच आहे. मागणीपत्र शब्दांचे, करार शब्दांचा, निवाडाही शब्दांचाच. आणि त्यातले एखादे विशेषण इकडचे तिकडे झाले की हजार घरांतल्या चुलीला त्याची झळ लागते. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. इंग्रजी आम्ही शिकलो ते कारखान्याच्या सूचनाफलकावरून, कोर्टाच्या कागदांवरून आणि रद्दीच्या दुकानात मिळालेल्या एका शब्दकोशावरून. अशा रीतीने शिकणाऱ्याला अवघड शब्दांचे भय फार दिवस राहत नाही, कारण अवघड शब्द कोशात सापडतो. फसवतात ते सोपे शब्द. 'नाइस' हा त्यांतला एक.

इंग्रजी बोलणारा माणूस हा शब्द दिवसात किती ठिकाणी वापरतो ते पाहावे. हवा नाइस, चहा नाइस, शेजारीण नाइस, तिचा नवा पडदा नाइस, आणि आपली भेट झाली हेही नाइस. या पाच गोष्टींत समान काय आहे? चहा गोड आहे म्हटले तर चहाविषयी काही कळते; पडदा निळा आहे म्हटले तर पडद्याविषयी काही कळते. नाइस म्हटल्याने कळते ते एवढेच, की बोलणाऱ्याला बरे वाटले. म्हणजे विशेषण लावले पडद्याला, पण बातमी दिली स्वतःची. या शब्दाचा सारा व्यवहार या एका गोष्टीत आहे आणि आम्ही पुढे जे सांगणार आहो ते हिच्याच आधाराने.

आधी या शब्दाचे कूळ सांगतो, कारण ते मोठे गमतीचे आहे. लॅटिनमध्ये 'नेस्किउस' असा एक शब्द होता. 'ने' म्हणजे न, आणि पुढचा भाग 'जाणणे' या धातूपासून आलेला. न जाणणारा तो नेस्किउस. मराठीत याला तंतोतंत जोड आहे: न जाणता, तो नेणता. घडण तीच, अर्थ तोच. त्याच लॅटिन धातूपासून 'सायन्स' हा शब्द निघाला. तेव्हा नाइस आणि सायन्स एकाच घरातले, एक जाणणाऱ्याच्या बाजूचा आणि दुसरा न जाणणाऱ्याच्या. फ्रेंचमध्ये या नेणत्याचा 'नीस' झाला आणि 1300च्या सुमारास तो इंग्रजीत आला, तो सरळ 'मूर्ख' या अर्थाने. चौदाव्या शतकातला कवी चॉसर एखाद्याला नाइस म्हणतो तेव्हा तो त्याला खुळा म्हणत असतो.

तेथून हा शब्द दोन-तीनशे वर्षे नुसता भटकला. मूर्ख, मग उधळ्या, मग लाजाळू, मग खाण्यापिण्यात नको इतका चोखंदळ, मग काटेकोर, मग सूक्ष्म. कधी 'क्षुल्लक'सुद्धा. शेक्सपिअरच्या 'रोमिओ आणि ज्युलिएट' नाटकात पोचवायचे पत्र पोचलेच नाही म्हणून पाद्री हळहळतो आणि ते पत्र काही नाइस नव्हते असे बोलतो. आजच्या इंग्रजी शाळेतला मुलगा याचा अर्थ 'पत्र चांगले नव्हते' असा करील. पाद्रीबुवांना म्हणायचे आहे की पत्र काही किरकोळ नव्हते, महत्त्वाचे होते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनीही नोंदवून ठेवले आहे की सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या कित्येक वाक्यांत लेखकाला यातला नेमका कोणता अर्थ हवा होता हे सांगणे कठीण आहे. आज ज्या अर्थाने आपण तो ऐकतो तो 'छान' हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला, आणि एकदा रूढ झाल्यावर त्याने बाकीच्यांना हुसकून लावले.

यावर सुशिक्षितांची तक्रार लगेच सुरू झाली. जेन ऑस्टिन या लेखिकेची 'नॉर्थँगर ॲबी' ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, 1817च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तीत कॅथरीन नावाची साधी मुलगी एका कादंबरीला नाइस म्हणते, आणि हेन्री टिल्नी हा विद्वान तरुण तिची थट्टा करतो: दिवसही नाइस, फिरणेही नाइस, बायकाही नाइस, सगळ्यांना एकच शब्द! पूर्वी तो म्हणे टापटीप, नाजूकपणा, चोखंदळपणा अशा गोष्टींसाठीच होता. थट्टा चांगली आहे. पण टिल्नीचा इतिहास अर्धवट आहे. मूळ अर्थाकडे जायचेच तर टापटिपीपाशी का थांबायचे? आणखी मागे गेले की मूर्खपणा येतो, आणि कॅथरीनच्या कादंबरीला तो कदाचित जास्त शोभला असता. 'मूळ अर्थ, मूळ अर्थ' म्हणणारी मंडळी आपल्या सोयीच्या पायरीवर बसकण मारतात, हा अनुभव आम्हाला वाटाघाटींच्या टेबलावरही येतो. पूर्वापार प्रथा म्हणून व्यवस्थापक जी दाखवतात, ती बहुधा आमचा संप मोडला त्या सालापासून सुरू झालेली असते.

शब्दाचे नशीब असे पालटणे ही इंग्रजीचीच मक्तेदारी नाही. इंग्रजीत 'सिली' म्हणजे आज मूर्ख, पण त्याच्या पूर्वजाचा अर्थ होता भाग्यवान, देवाचा आशीर्वाद असलेला. म्हणजे जिन्यावर एक मूर्ख वर चढत होता आणि एक पुण्यवान खाली उतरत होता. आपल्याकडे सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांत स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवले. त्या लेखांचा एक तुकडा आपल्या नालासोपाऱ्यालाही सापडला आहे. पुढच्या काळातल्या संस्कृत वैयाकरणांनी मात्र 'देवानांप्रिय' याचा अर्थ मूर्ख असा नोंदला. आणि घरातलेच उदाहरण हवे असेल तर 'शहाणा' घ्या. 'मोठा शहाणा आहेस' हे वाक्य मराठी माणसाने स्तुती म्हणून कधी ऐकले असेल असे आम्हाला वाटत नाही.

जुना अर्थ मेला म्हटले, तरी तो एका जागी अजून जिवंत आहे, आणि ती जागा आमच्या ओळखीची आहे. 1947चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता त्या काळातली गोष्ट. हजेरी मांडणारा आणि पाच-सहा जणांकडून काम करून घेणारा एक माणूस कामावरून काढला गेला होता. तो कायद्याच्या व्याख्येप्रमाणे 'कामगार' की 'पर्यवेक्षक', यावर सारे अडले होते. कामगार ठरला तर दाद, पर्यवेक्षक ठरला तर वाट बंद. हुद्द्याचे नाव काय याला महत्त्व नव्हते, तो मुख्यतः करतो काय याला होते. दोन्ही बाजू ऐकून न्यायाधीश म्हणाले की हा नाइस प्रश्न आहे. बाहेर आल्यावर आमच्यातल्या एकाने हसतमुखाने विचारले, ''वकीलसाहेब, जजसाहेबांना आपला मुद्दा आवडलेला दिसतो?'' वकिलांनी मान हलवली. ''आवडला नाही हो. केसासारखा बारीक आहे म्हणाले. इकडेही पडेल, तिकडेही पडेल.'' कायद्याच्या भाषेत नाइस म्हणजे असा बारकाईचा. तो निकाल लागायला पुढे चार वर्षे गेली.

बोलण्यात या शब्दाची एक जोडी फार चालते: 'नाइस अँड' आणि पुढे दुसरे विशेषण. नाइस अँड वॉर्म, नाइस अँड अर्ली. शब्दशः पाहिले तर 'छान आणि ऊबदार', पण तसे ते नाही. आपण 'मस्त गरम चहा' म्हणतो, 'चांगला तासभर उभा होतो' म्हणतो, तेथे मस्त आणि चांगला ही स्तुती नसून पुढच्या शब्दाला दिलेला नेट असतो, तसेच हे. मात्र इंग्रजी जोडीत एक अट गुपचूप बसलेली आहे. पुढची गोष्ट हवीशी असली पाहिजे. लवकर येणे नाइस अँड अर्ली होते. उशिरा येण्याला कोणी नाइस अँड लेट म्हणाला तर तो टोमणाच. आणि हवीशी कोणाला, तर बोलणाराला. म्हणून परिचारिका रुग्णाला नाइस अँड स्टिल राहा म्हणते, शिक्षिका मुलांना नाइस अँड क्वायट बसा म्हणते, तेव्हा आज्ञा स्तुतीच्या कापडात गुंडाळलेली असते. परिचारिकेचे ठीक आहे. हीच भाषा पाळीच्या सुरुवातीला सुपरवायझर वापरू लागला की ऐकणाऱ्याने कापड सोडून आत काय आहे ते बघावे.

उपरोधाचे फार सांगायला नको. घोटाळा करून ठेवला की इंग्रज 'नाइस मेस' म्हणतो, आपण 'छान! सुरेख काम केलेत' म्हणतो. सूर तेवढा ओळखायचा.

माणसाला हा शब्द लावतात तेव्हा मात्र थोडे थांबले पाहिजे. 'गुड' माणूस आणि 'नाइस' माणूस यांत इंग्रजी बोलणारे स्वतःही फरक करतात. गुड हा त्याच्या वागणुकीवर दिलेला अभिप्राय आहे. नाइस म्हणजे त्याच्याजवळ बसून आपल्याला बरे वाटले. एका कारखान्यात एक कामगार अधिकारी होते. नेहमी उठून उभे राहणार, चहा मागवणार, मुलांची नावानिशी चौकशी करणार. सारे कामगार म्हणत, साहेब फार नाइस आहेत. ते खरेही होते. त्यांच्या सात वर्षांच्या कारकिर्दीत त्या कारखान्यात एकही बदली कामगार कायम झाला नाही. त्यांच्या आधीचे अधिकारी तुसडे, खुर्चीत बसूनच बोलणारे, पण त्यांनी सही केली ती पाळली. त्यांना कोणी नाइस म्हटले नाही.

हा चांगुलपणा विकत घेता येतो हे व्यापाराने पुढे ओळखले. अमेरिकेत 1963 साली एका विमा कंपनीतल्या नोकरांची मने उदास झाली होती. ती फुलावीत म्हणून कंपनीने हार्वी बॉल या चित्रकाराकडून पिवळा हसरा चेहरा काढून घेतला. त्याचे त्याला 45 डॉलर मिळाले. नोकरांचा पगार वाढवण्यापेक्षा हे पुष्कळच स्वस्त. पुढे 1970नंतरच्या वर्षांत त्या चेहऱ्याबरोबर 'हॅव अ नाइस डे' हे वाक्य बिल्ल्यांवर, पेल्यांवर सर्वत्र झळकले, आणि दुकानातल्या विक्रेत्यांना गिऱ्हाईक निघताना ते म्हणण्याची सक्ती होऊ लागली. आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या सेविकांच्या कामाचा अभ्यास करून 1983 साली ग्रंथ लिहिला आणि अशा कामाला 'भावनिक श्रम' असे नाव दिले. ट्रे उचलणे हे जसे श्रम, तसे मनात नसताना आतून आल्यासारखे हसणे हेही श्रम. त्यात एक हकीकत आहे. एक प्रवासी सेविकेला म्हणतो, हसा की जरा. ती म्हणते, आधी तुम्ही हसा. तो हसतो. मग ती सांगते, आता हे पंधरा तास असेच धरून ठेवा.

आज पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरांत आमच्या सभासदांची मुले-मुली रात्रपाळी करतात. शिव्या देणाऱ्या गिऱ्हाइकालाही शेवटी नाइस डेची शुभेच्छा द्यावी लागते, आणि ती दिली की नाही हे ध्वनिमुद्रण ऐकून तपासले जाते. दिली नाही तर गुण कापतात. दिली तर त्याचे वेगळे पैसे मिळाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. भार उचलण्याचा दर ठरवता येतो, हसण्याचा कसा ठरवावा, हा आमच्यापुढचा खरोखरीच नाइस प्रश्न आहे, न्यायाधीशांच्या अर्थाने.

मराठीत हा शब्द आता घरोघर आला आहे. त्याचे एक कारण व्याकरणात आहे असे आम्हाला वाटते. चांगला म्हटले की पुढे चांगली, चांगले, चांगल्या अशी रूपे फिरवावी लागतात. नाइसला लिंग नाही, वचन नाही; नाइस मुलगा, नाइस मुलगी, नाइस घर. 'छान'ही तसाच, म्हणून छानच्या जागेवर तो न कुरकुरता बसला. मात्र आपण त्याचा शेवटचा, गुळगुळीत अर्थ तेवढा घेतला. बारकाई, काटेकोरपणा हे मागेच राहिले. बोलताना निदान सूर असतो. आता तो मोबाइलवर लिहिला जातो, तेथे सूरही नाही. आमच्या संघटनेच्या गटावर मध्यंतरी एकाने आपल्या पगारपत्रकाचे छायाचित्र टाकले. चार दिवसांची कपात झाली होती. खाली दुसऱ्याने लिहिले, 'नाइस'. हा कामगाराला टोमणा की मालकाला, यावर दोन दिवस वादावादी झाली, जुन्या फुटीची उणीदुणीही निघाली. शेवटी लिहिणाऱ्यालाच कार्यालयात बोलावून विचारले. त्याने छायाचित्र उघडून पाहिलेच नव्हते.