एका मुलीसाठी थांबणारी आगगाडी : खरे किती, जोडलेले किती?

जपानमधील एक गोष्ट आपल्या मोबाइलवर अधूनमधून येत असते. बर्फात एकाकी स्टेशन, त्याचा वापर करणारी एकच शाळकरी मुलगी, आणि तिचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत रेल्वेने केवळ तिच्यासाठी स्टेशन बंद केले नाही! वाचून डोळे पाणावतात. वर्गात मुलांनाही ती सांगितली जाते. म्हणूनच तिची शहानिशा करायला हवी. सूरह अल्-हुजुरातमध्ये बातमी पारखून घेण्याची ताकीद आहे. मनाला भावलेली बातमी त्यातून सुटत नाही.

ही गोष्ट जानेवारी 2016 मध्ये चीनच्या सरकारी वाहिनीने फेसबुकवर टाकली आणि जगभर पसरली. त्यात स्टेशनचे नाव कामी-शिराताकी असे दिले होते. प्रत्यक्षात ती मुलगी क्यू-शिराताकीहून प्रवास करत होती. दोन्ही स्टेशने होक्काइदो बेटावरील एंगारू गावाच्या हद्दीत, सेकिहोकु मार्गावर होती.

तिथे स्टेशन मास्तर नव्हता, तिकीट खिडकी नव्हती. होती ती फलाटाशेजारी लाकडी खोली. अशा स्टेशनांना जपानीत ‘मुजिन-एकी’, म्हणजे माणूस नसलेले स्टेशन म्हणतात. तिथे सहसा प्रवासी डब्यात चढताना यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घेतो. उतरताना त्या क्रमांकासमोरचे भाडे फलकावर पाहतो आणि चिठ्ठीसह पैसे चालकाजवळच्या पेटीत टाकतो. अनेक गाड्यांत चालकाखेरीज दुसरा कर्मचारी नसतो.

मग स्टेशन बंद का झाले? प्रवासी फार कमी, म्हणून. वस्ती विरळ होत गेली होती. कामी-शिराताकीला तर दिवसाला एक गाडी जाणारी आणि एकच येणारी उरली होती. 26 मार्च 2016 रोजी ही दोन्ही आणि शिमो-शिराताकी, अशी तीन स्टेशने एकदम बंद झाली. जपानमध्ये रेल्वेचे वेळापत्रक दरवर्षी मार्चमध्ये बदलते. त्याच दिवशी होक्काइदोची नवी शिनकान्सेन, म्हणजे अतिवेगवान गाडीही सुरू झाली. जपानी शाळांचे वर्षही मार्चमध्येच संपते. त्यामुळे मुलीचे शिक्षण आणि स्टेशन एकाच महिन्यात संपले. या योगायोगाला लोकांनी कारण बनवले. आता कामिकावा ते शिराताकी या 37.3 किलोमीटरमध्ये एकही स्टेशन नाही.

जोडलेला भाग काढून टाकला, तर हातात काहीच उरत नाही का? उरते, आणि ते मोलाचे आहे. त्या ओसाड ठिकाणी सकाळची गाडी खरोखर थांबत होती आणि एक मुलगी त्या गाडीने खरोखर शाळेला जात होती. तिची तालीम कोणाच्या उपकारावर चालली नव्हती. वेळापत्रकात लिहिलेली गाडी रोज येत होती, म्हणून चालली होती.

आपल्याकडे सातवी-दहावीनंतर पुढची शाळा लांब पडते, म्हणून किती मुली घरी बसतात! एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत मिळतो. पण शाळेच्या वेळेला गाडी हवी आणि मुलीला पाठवण्याची घरच्यांची तयारीही हवी. मुलांना गोष्ट सांगायची तर ही खरी सांगू या. खोट्याची भर घालून चांगुलपणा शिकवता येत नाही, आणि या गोष्टीला तशी गरजही नाही.