पान उलटलं की सर्व्हर विसरला!

एका पानावर नाव भरलं, 'पुढे' दाबलं आणि दुसऱ्या पानानं नावानिशी स्वागत केलं. साधी गोष्ट वाटते ना? पण वेब ज्या एचटीटीपीवर चालतं, त्याला मागचं काहीच आठवत नाही. प्रत्येक विनंती त्याच्या लेखी पहिलीच. एका पानावरची माहिती दुसऱ्या पानापर्यंत नेण्याच्या सगळ्या करामती या विसरण्यापायी सुरू झाल्या.

सर्वांत उघड करामत पत्त्यातच दिसते. प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर म्हणजे पुढच्या पानासाठी दिलेला निरोप. मात्र हा निरोप देवनागरीत असेल तर तो भलताच फुगतो! आपलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अगदी पाय मोडायची खूणसुद्धा युटीएफ-८ मध्ये ३ बाइट खाते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट ३ जागा अडवतो. म्हणजे 'पुणे' लिहायला ३६ जागा आणि 'महाराष्ट्र'ला तब्बल ९०. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये अख्ख्या पत्त्याला २,०८३ चिन्हांची मर्यादा होती. त्यात 'महाराष्ट्र' जेमतेम २२ वेळा मावला असता.

पत्त्यावरून जाणाऱ्या विनंतीला 'गेट' म्हणतात. तिनं माहिती फक्त आणावी, काही बदलू नये, असा दंडक आहे. तो मोडला की काय होतं, हे २००५ साली दिसलं. 'गूगल वेब ॲक्सिलरेटर' हे साधन वाचकानं क्लिक करण्याआधीच पानावरच्या लिंका गुपचूप उघडून ठेवायचं, म्हणजे पुढचं पान झटकन यावं. काही वेब ॲप्समध्ये 'डिलीट' हीसुद्धा साधी लिंकच होती. ॲक्सिलरेटरनं इमानेइतबारे तीही उघडली! ३७सिग्नल्सच्या 'बॅकपॅक' ॲपमध्ये लोकांचा मजकूर असा आपोआप उडाला. माझ्या मते यात ॲक्सिलरेटरपेक्षा जास्त चूक, लिंकवर खोडण्याचं काम सोपवणाऱ्यांची.

मग बदल करणारी माहिती पाठवायची कशी? 'पोस्ट'नं. पण तिथेही गंमत आहे: रिफ्रेश दाबलं की तोच फॉर्म पुन्हा जाऊ शकतो. पैसे भरताना 'रिफ्रेश किंवा बॅक दाबू नका' अशी ताकीद येते ती या धास्तीनं. यावरचा उतारा जुनाच आहे. फॉर्म मिळाल्यावर सर्व्हरनं ३०३ हा कोड देऊन ब्राउझरला वेगळ्या पानावर धाडायचं. मग रिफ्रेश कितीही दाबा, फॉर्म पुन्हा जात नाही.

फॉर्ममध्ये लपवलेले रकानेही असतात. सुरुवातीच्या काही ऑनलाइन दुकानांनी वस्तूची किंमत त्यातच ठेवली होती. रकाना लपतो तो फक्त पडद्यावर. पानाचा सोर्स उघडला की समोर हजर. किंमत बदला, फॉर्म पाठवा, स्वस्तात माल घ्या! ब्राउझरकडून आलेली किंमत कधीही खरी धरायची नाही, ती दुकानाच्या डेटाबेसमधूनच घ्यायची, हे त्यातून ठसलं.

कुकीचा जन्मही दुकानातलाच. १९९४ साली एमसीआय या कंपनीला ऑनलाइन विक्री हवी होती, पण अर्धवट राहिलेल्या खरेद्या आपल्या सर्व्हरवर साठवायच्या नव्हत्या. नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी तोडगा काढला: त्या ग्राहकाच्या ब्राउझरमध्येच ठेवा. तरीही पहिला उपयोग झाला तो पाहुणा नेटस्केपच्या साइटवर आधी येऊन गेलाय का, हे ओळखायला.

सेशनमध्ये मामला उलटा. देवळाबाहेर चपला स्टँडवर आणि हातात फक्त बिल्ला, तशी माहिती सर्व्हरवर आणि ब्राउझरकडच्या कुकीत नुसता क्रमांक. २००० साली पीएचपी ४ मध्ये ही सोय अंगभूतच आली. तिच्या मूळ सेटिंगनुसार १,४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं, हालचाल नसलेलं सेशन कचऱ्यात काढायला मोकळं. एएसपी डॉट नेट आणखी घाईचं, २० मिनिटांचं. लांबलचक फॉर्म भरता भरता अचानक लॉगिनचं पान पुढ्यात येतं ते यामुळे.

आणि क्रमांक दुसऱ्याच्या हाती लागला तर? ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी फायरफॉक्ससाठी 'फायरशीप' आणलं. खुल्या वायफायवर शेजाऱ्याची सेशन कुकी टिपायची आणि एका क्लिकवर त्याच्या फेसबुकमध्ये शिरायचं! पासवर्ड लागतच नव्हता, कारण बऱ्याच साइट फक्त लॉगिनपुरतं एचटीटीपीएस वापरत आणि पुढची सगळी ये-जा उघड्यावर चाले. हे दाखवून देण्यासाठीच बटलर यांनी तो खटाटोप केला होता. फेसबुकनं जानेवारी २०११ मध्ये कायम एचटीटीपीएस वापरण्याचा पर्याय दिला, ट्विटरनं मार्चमध्ये.