आधी महिना, मग डोंगर

पावसाळ्यातल्या शुक्रवारी रात्री मुंबई-पुण्याच्या ट्रेकिंग ग्रुपांवर एकच प्रश्न फिरत असतो: उद्या कुठे? उत्तरं गड-शिखरांच्या नावांनी येतात. हरिहर, कळसूबाई, हरिश्चंद्रगड. सह्याद्रीत मुरलेली माणसं मात्र उलट्या बाजूने हिशेब मांडतात. चालू महिना कोणता, त्या महिन्यात पाणी, कातळ आणि ढग कसे असतील, हे आधी ठरतं; गडाचं नाव त्यानंतर येतं. ज्या कातळटप्प्यावर जानेवारीत शाळकरी पोरं चढतात, तिथेच जुलैच्या शेवाळावर सराईताचाही पाय सरकतो.

डोंगर असे का, ते थोडक्यात. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. कठीण थरांचे उभे कडे राहिले, मऊ थर झिजून माच्या आणि पदर झाले. म्हणून इथली वाट कडा, सपाटी, पुन्हा कडा अशी टप्प्याटप्प्याने चढते.

पावसाळ्यात पहिली चौकशी ओढ्याची करायची. घाटमाथ्यावर सर कोसळली की खालचा साधासा ओढा काही मिनिटांत फुगतो. सांदण दरीची चिंचोळी घळ आणि बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर चढणारी नळीची वाट पावसाळाभर टाळायची, ती यासाठीच. नवख्यांनी मळवली स्टेशनात उतरून भाज्याच्या लेण्यांमार्गे लोहगड गाठावा. लोणावळ्याहून राजमाचीची लांब, रुंद वाटही उत्तम, फक्त वाटेतले ओढे चढले असतील तर मुकाट्याने मागे फिरावं. आणि नाणेघाटात जावं ते वाऱ्यासाठी. कोकणातून येणारा वारा कड्यावर असा आदळतो, की दरीत पडणारी धार उलटी वर उडते आणि माथ्यावरच्या माणसाला खालून भिजवते.

आता सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. वर्षात एकच ट्रेक करायचा असेल तर तो याच दिवसांत, आणि हरिश्चंद्रगडावर करावा, असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे.

वाट पाचनईची घ्यावी. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून येणारी वाट जास्त लांब आणि दमवणारी. पाचनईची वाट पुढे आलेल्या कातळभिंतीच्या पोटातून, ओढ्याच्या सोबतीने चढते. या दिवसांत ओढा वाहता असतो, पण ओलांडता येतो. दोन्ही अंगांना सोनकीची पिवळी फुलं पसरलेली असतात, ओलसर उतारांवर तेरडा असतो. कारवी फुलायला मात्र नशीब लागतं. ती वर्षानुवर्षं नुसती वाढते, साधारण सात वर्षांनी सगळं रान एकदम निळंजांभळं फुलतं आणि बी धरून मरतं.

वर हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर आहे, पुष्करणी आहे. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ लिहिला तो इथेच. केदारेश्वराच्या गुहेत भलंमोठं शिवलिंग पाण्यात उभं आहे. त्याच्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत उरलाय. प्रदक्षिणा घालायची तर कमरेएवढ्या पाण्यात उतरावं लागतं, आणि ते पाणी ऑक्टोबरातही दातखीळ बसवतं.

पण ऑक्टोबरचा आग्रह खरा कोकणकड्यासाठी. हा कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, त्यामुळे काठावर पालथं पडून पाहिलं तर पायाखाली भिंत दिसतच नाही, सरळ कोकण दिसतं. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथे इंद्रवज्र पाहिल्याचं गडप्रेमी आवर्जून सांगतात. इंद्रवज्र म्हणजे ढगावर उमटलेलं पूर्ण गोल रंगचक्र, आणि त्याच्या मधोमध पाहणाऱ्याची सावली. त्याला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पाठीशी सूर्य, समोर खाली दरीत ढग, आणि डोक्यावर उघडं आकाश. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने वेळ सकाळची. जुलैत ढग सगळा गडच गिळतात, जानेवारीत दरी बहुधा कोरडी असते. तिन्ही गोष्टींचा मेळ बसायची शक्यता पाऊस ओसरतानाच सर्वांत जास्त. ढगातले बारीक थेंब उजेड आलेल्या दिशेने परत फेकतात, म्हणून काठावर दहा जण उभे असले तरी प्रत्येकाला चक्र स्वतःच्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसतं.

पाचनईत जेवायला वाढताना एका मावशींनी सांगितलं होतं, “दादा, आज कड्यावर नका थांबू, सगळं पांढरं दिसंल. सकाळी जा, वारा पडला की ढग खालीच बसतो.” दुसऱ्या दिवशी आठ वाजायच्या सुमारास ढग खरोखर कड्याखाली स्थिरावला आणि रंगांची एक कड काही क्षण उमटून विरली. पूर्ण चक्र नव्हतं. त्यासाठी पुन्हा जावं लागतं, आणि लोक जातात.

डिसेंबर ते फेब्रुवारी लांब पल्ल्याच्या वाटा. राजगड ते तोरणा ही डोंगरधार याच दिवसांत चालावी. बागलाणातला साल्हेर १५६७ मीटरचा, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. या तिन्हींपैकी राजगड आणि साल्हेर २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांमध्ये आहेत.

बर्फाची हौस सह्याद्रीत भागत नाही. मग मराठी पावलं उत्तराखंडातल्या सांक्रीकडे वळतात, १२,५०० फुटांच्या केदारकंठासाठी. डिसेंबरअखेर ते मार्च तिथे बर्फ भरवशाचा. माथ्याची चढाई पहाटेच्या अंधारात सुरू करतात, कारण रात्री गोठलेला बर्फ पाय धरतो आणि ऊन चढल्यावर तोच भुसभुशीत होतो. आधीच्या तुकड्यांनी तुडवलेल्या वाटेवर बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक आणि नडगीवर गेटर पुरतात. ताज्या, खोल बर्फात मात्र स्नोशू हवेत. त्यांच्या रुंद तळव्यामुळे वजन पसरतं आणि पाय मांडीपर्यंत रुतत नाही. विकत घेण्याआधी भाड्याने वापरून पाहावेत.

एप्रिल-मे म्हणजे टाकी आटलेली आणि कातळ तापलेला. या दिवसांत चालणं रात्रीचं, आणि मेअखेरीस त्याला काजव्यांची जोड. भंडारदरा परिसर, पुरुषवाडी, राजमाची इथे हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाची झाडं एका लयीत लुकलुकतात. पाऊस नेटाने लागला की हा खेळ आवरतो, त्यामुळे वळवाच्या सरींनंतरचे आणि मृगाच्या आसपासचे दिवस साधावेत. हे लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते. गाड्यांचे दिवे आणि मोबाइलचे फ्लॅश त्यात थेट अडथळा आणतात. माद्या पुष्कळदा गवतात खाली बसलेल्या असतात, त्या पायाखाली चिरडतात. म्हणून गाडी गावातच ठेवावी, विजेरीला लाल कागद लावावा, मळलेली वाट सोडू नये आणि जाताना गावातलाच वाटाड्या घ्यावा. कोणत्या झाडावर आज काजवे आहेत, हे त्याला ठाऊक असतं.